खाट नंबर नऊ

दाराच्या बिजागरीला मी शेंगदाण्याचं तेल घातलं,
सलाइनच्या स्टँडच्या चाकांनाही.
बांगड्या लॉकरमध्ये, मंगळसूत्र पिनेने आत टोचलेलं,
चपला बाहेर.
ट्रे आता टॉवेलवर ठेवायचा.
एकदा कात्री पडली होती माझ्या हातून.
कौतिकबाई तेव्हा खाटेवर अशी ताणली गेली
की टाचा आणि डोकं, एवढंच गादीला टेकलेलं.
मधे सगळा पूल.

सावद्याची. वखारीत केळीचे घड उचलायची.
आडनाव झोपे, आणि पाच महिने झोप नाही.
आधी पाठ धरली, मग पोटाचं लाकूड झालं,
मग मागून नुसती हाक आली तरी पडायला लागली.
घरच्यांनी लिंबू उतरवून टाकले.
एका डॉक्टरने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, नाटक आहे.
नाटक!
मी हात ठेवलाय त्या पोटावर.
जात्याची तळी बरी.

रक्त मुंबईला गेलं, अठरा दिवसांनी कागद आला.
आजाराचं नाव एवढं लांब
की नोंदवहीच्या दोन ओळी खातं.
नवरा म्हणाला, सिस्टर, म्हंजे झालं काय?
म्हटलं, कुंपणच शेत खातंय, दादा.
"मंग कुंपन काढून टाकता नाही येत का?"
काढलं तर ढोरं शिरतात.
थोडं थोडंच काढायचं, आणि राखण करत बसायचं.
बाटल्या आल्या. हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून
गाळलेलं पाणी, थेंब थेंब, पाच दिवस.

मे महिना, जळगाव.
कूलर लावत नाही. लाइट जाऊन परत आली
की तो खोकत उठतो, आणि बाई ताठ.
म्हणून खिडकीला ओली चादर,
आणि जुन्या पेपरचा पंखा, तोही तिला दिसेल असा.

अंगाला हात लावायच्या आधी सांगते:
मी आलेय. डावीकडे उभी आहे.
आता दंड धरणार. एक. दोन.
धरला.
पहिल्या आठवड्यात विसरले होते.
आवळलेल्या दातांतून तिनेच शिकवलं,
"मले सांगून हात लाव, माय."
सतरा वर्षं नोकरी झाली माझी.
हल्ली घरी पोराच्या डोक्याला तेल लावतानाही सांगते.
तो म्हणतो, आई, येडी झाली का तू?

शुक्रवारी संध्याकाळी वरात आली.
अजून लांब होती, पण डीजेचा ठोका
कानाच्या आधी काचेला कळला.
मी तशीच धावले, अनवाणी, डांबर तापलेलं,
दोन्ही हात वर करून.
पोरांना वाटलं, नाचायला आले.
रिंगण करून दिलं मला, एकाने दहाची नोट ओवाळली.
मग नवरदेवाच्या मामाने छातीवरची पट्टी वाचली:
वळवी सिस्टर, काय झालं?
केवढं सांगणार तिथे? म्हणाले,
वर एक बाई आहे, ती आवाजाने मोडते.

मामाने हात केला.
औषधाच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत
वरात मुकी चालली.
घोड्याच्या टापा ऐकू आल्या,
आणि कुणाचं तरी पोर, पाणी मागणारं.

रात्री कूस बदलताना कौतिकबाई म्हणाली,
"सांजले एकदम गपगार झालतं. कोन मेलं?"
लग्न होतं, म्हटलं.
ती हसली.
आणि त्या हसण्यातूनच आली ती,
पोट, पाठ, मान, पायाचे अंगठे.
अशा वेळी धरायचं नसतं.
तिच्या हाताशेजारी चादरीवर माझा हात ठेवला
आणि म्हणत राहिले, मी इथेच आहे, इथेच.

नोंद: रात्री नऊ वीस. आकडी. चाळीस सेकंद.
कारणाच्या रकान्यात आजवर भांडं, दार, हॉर्न,
एकदा माझीच शिंक.
आज लिहिलं, हसू.

सकाळच्या सिस्टरने त्यापुढे
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.