डब्यातला नगमा

नगमा फोनमध्येच आहे, हीच तर अडचण.
नाहीतर फोन केव्हाच बंद केला असता.
तीनताल, लय ऐंशी, पेटीवर चंद्रकौंस
घाण्याच्या बैलासारखा मुकाट गोल फिरतोय
आणि त्याच काचेखाली
सगळं गाव दार ठोठावत उभं.

रात्रीचे साडेनऊ. साखर पेठेत पंख्याचा वारासुद्धा गरम.
चुंबळीवर डग्गा टेकवते, हाताला पावडर लावते,
धा धा तिट धा धा तिना
टिंग.

पाण्याच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंय, नळ उद्या की परवा?
मला माहीत नाही. तरी बघते.
बघता बघता नणंदेच्या गंठणाची नवी डिझाइन,
मग कुण्या बाईचं भरलं वांगं,
मग एक मुलगा, वय वर्षं नऊ,
माझा हाच कायदा चौपटीत वाजवतो
आणि वाजवताना हसतोही.
काचेवर माझ्या अंगठ्याचे पांढरे ठसे,
चोरी झालेल्या घरात सापडावेत तसे.
तिकडे नगमा कितीदा तरी समेवर येऊन
रिकाम्या हाती परत गेलेला.

दस्तगीर मास्तर म्हणतात,
"बोट चांगलं हाय बाई तुमचं.
पण तबल्याकडं पाहुण्यासारखं येता तुमी.
बसायला सांगितलं तरी तोंड रस्त्याकडं."

मी त्रेचाळीसची. दिवसभर लॅबच्या काउंटरवर
लोकांच्या साखरेचे आकडे छापून देते.
घरी आल्यावर एवढं तरी आपलं असावं
म्हणून परवा फोन ज्वारीच्या डब्यात पुरला.
वर झाकण. झाकणावर खलबत्ता.
आतून नगमा येत राहिला,
कुणी विहिरीत बसून पेटी वाजवावी तसा,
आणि मधूनच ज्वारी थरथरायची.
मी झाकणाकडे बघत वाजवत होते.
म्हणजे फोनकडेच की,
फक्त मध्ये पाच किलो धान्य.

चौथ्या रात्री बंदच केला. नगमाही गेला.
शांतता वगैरे काही झाली नाही.
भिंतीपलीकडे म्याकलांचा कारखाना, टॉवेलचे चार माग,
बारा वर्षं शेजारी असून मी न ऐकलेले.
खट्याक् खट, खट्याक् खट.
वाटलं, यालाच नगमा करू!
विचार छान होता. जमलं नाही.
चार माग चार दिशांना पळतात,
त्यात माझा कायदा बाजारात हरवलेल्या पोरासारखा.

मग त्यातला एक थांबला.
तिघे चालू, एक गप्प.
माझेही हात थांबले, का कोण जाणे.
थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू.
असं रात्रीत किती वेळा!

पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा
मल्लेशम घागर घेऊन उभा, मिशीत कापूस.
विचारलं, रात्री माग सारखा का थांबतो रे?
"धागा तुटतोय की."
किती वेळा?
"मोजत नाही वो. मोजलं की राग येतोय.
तुटला की माग आपणहून थांबतोय.
मी गाठ मारतो, सोडतो.
अंग पुसणाऱ्याला कुठं कळतंय?"
आणि घागर भरली म्हणून गेला,
मोठं काही बोलल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

आज वाजवताना
तिसऱ्या आवर्तनात त्या नऊ वर्षांच्या पोराचं हसू आठवलं.
गाठ.
पाचव्यात पाणी, उद्या की परवा.
गाठ.
मध्येच उजवा हात शाईवरून उठून
कपाटाच्या दिशेनं अर्ध्यापर्यंत गेला,
मी बघत राहिले त्याच्याकडे,
तोही जरा ओशाळला.
ता ता तिट धा धा धिना.
सत्तावीस मिनिटं झाली. मोजायची नव्हती, मोजली.

फोन कपाटावर पडलाय, बॅटरी संपून.
चार्जरच्या भोकात ज्वारीचा एक दाणा अडकलाय.
सुईनं काढायला हवा.
काढीन.