दोन तास, पंधरा मिनिटं

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
घडीवर तो विरलाय,
आणि विरला तिथं नेमकी एक खिंड गेली.
ब्रिना म्हणते, आजोबा, फोनवर सगळं दिसतं.
दिसू दे.
फोनवर तीनेच्या कपाचा गोल डाग नाही,
जो आम्ही कितीतरी वर्षं
एक तळं म्हणून धरत आलो.

सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरला.
शाळा उघडलेल्या, गाडीतळ रिकामा.
तिला औषधाच्या दुकानातून तीन दिवसांची रजा,
मला कोणाकडूनच रजा मागायची नाही,
हीच पंचाईत.

ती यादी करते.
लोकरी मोजे. विजेरी. पाणी तीन लिटर,
कारण वरची चुनखडी पाऊस पिते आणि परत करत नाही,
आमच्या स्तुदोरच्या लोहाराला दिलेल्या उसन्या पैशांसारखी.
गुडघ्याचा पट्टा.
काठ्या दोन.
मी म्हणालो, एक.
तिनं लिहिलं: दोन.

एकतीस वर्षं या वाटांवर मी खुणा रंगवल्या.
आधी तारेच्या ब्रशनं दगड घासायचा,
मग लाल कडं,
मग आत पांढरा डोळा,
धुक्यातही मिटणार नाही असा.
लोक म्हणतात, तुझ्या तर पायाखालची वाट.
खरं म्हणजे हाताखालची.
कुठला खडक रंग धरतो,
कुठला दोन हिवाळ्यांत ओकून टाकतो
हे तळहाताला अजून पाठ आहे.
पायांनी मात्र विसरायला घेतलंय.

आणि त्या पाट्या.
लाल पत्र्यावर पांढरी अक्षरं:
डोंगरघर, दोन तास पंधरा मिनिटं.
ही वेळ कोणी ठरवली, ब्रिनानं विचारलं.
मी.
एका मंगळवारी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी,
पाठीवर रंगाचे डबे, तोंडात सफरचंद.
तीने मागून ओरडत होता,
अरे, जरा माणसासारखा चाल!
घरी येऊन मी पंधरा मिनिटं वाढवली, माणसांसाठी.
केवढा दानशूर वाटलो होतो स्वतःला.
आता त्याच पाटीखाली धापा टाकत
एका घाईतल्या गड्याला मी शिव्या घालणार आहे.

नकाशाच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलं: चार तास.
ब्रिनानं खोडून पाच केले,
त्यात गुराख्यांच्या घरांपाशी एक थांबा,
मिलेना अजून वर असेल तर
वाडगाभर घट्ट आंबट दूध, वर भाकरीचा तुकडा.
नसेल तर नुसताच थांबा.

मग तिनं उद्यानाचे नियम वाचून दाखवले.
काही तोडू नये. काही पेटवू नये.
काही मागे ठेवू नये.
दुसऱ्या तळ्याच्या वळणावर, ओल्या रंगात उमटलेला
माझा अंगठा कदाचित अजून असेल.
तो मी नियमाच्या आधीचा धरतो.

तीनेलाही न्यायचं होतं.
तो एप्रिलमध्ये गेला.
त्याच्या खोपटात त्याचा ब्रश सापडला,
रॉकेलात बुडवून ठेवलेला,
सोमवारी परत लागणार असल्यासारखा.

संध्याकाळी डोंगरघराला फोन केला.
कोणी तरुण मुलगी होती.
किती जण? दोन.
पलंग वरचा की खालचा?
खालचा. दाराजवळचा.
आंघोळीला पाणी नाही, दहाला दिवे जातात,
वाटेवर खुणा चांगल्या आहेत, चुकणार नाही तुम्ही.
पहिल्यांदाच येताय का?
मी टेबलाखाली माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.
हो, म्हणालो, हे दोघं पहिल्यांदाच.
तिनं बहुतेक नावापुढं तसंच लिहून घेतलं.

रात्री यादीच्या तळाशी
मी बारीक अक्षरात घातलं: ब्रश, तीनेचा.
सकाळी पाहतो तर खोडलेलं नाही.
शेजारी ब्रिनाचं अक्षर:
वजन साठ ग्रॅम.
तुमच्या पिशवीत.