तिसरी कड

औलूत डिसेंबरात सूर्य दहानंतर उगवतो
आणि दोनच्या कॉफीला मावळलेला असतो.
मला त्याची तक्रार नाही. आमच्या धंद्यात
उजेडाला किंमत नसते, अंधारालाही नसते;
किंमत असते अंधाराचा उजेड होतो त्या क्षणाला.
चढती कड. त्या कडेवर
चिपमधली चाळीस हजार दारं एकदम उघडतात,
समोर असेल ते आत घेतात
आणि पुढच्या ठोक्यापर्यंत कानांवर हात.

मंगळवारी उत्स्योकीहून पिएराचा फोन.
"तुमचा पट्टा म्हणतो, माझी रेनडियर मादी
रविवारपासून तळ्याच्या मधोमध उभी आहे."
नाहीये का?
"ती इथे माझा उजवा हातमोजा चघळतेय."

मी कोड उघडला. आठ वर्षांपूर्वीची ओळ,
माझ्याच हातची:
घड्याळाच्या चढत्या कडेला, किंवा
रीसेटच्या उतरत्या कडेला.
तिच्याखाली: रीसेट शून्य असेल, तर सगळं शून्य.

रीसेट सांगून येत नाही. येऊही नये.
बॅटरीनं मान टाकली की
घड्याळाला न विचारता त्यानं घरात शिरावं,
ज्याच्या त्याच्या हातातलं काढून घ्यावं,
सगळ्यांना भिंतीशी बसवावं.
ते मी लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं.

पण तो जातो कधी?
त्याच्या जाण्यालाही एक कड असते, चढती,
आणि तिच्याबद्दल त्या ओळीत
चकार शब्द नाही.

सिम्युलेशनमध्ये सगळं पास.
सिम्युलेशनमध्ये थंडी नसते.
तुओव्हीनं शीतकपाटाचा काटा उणे पस्तिसावर नेला,
आणि आम्ही बोर्ड बंद केला, चालू केला,
बंद केला, चालू केला,
डबे तिथेच उघडून जेवलो.
दोन हजार एकशे सहाव्या वेळी
रीसेट नेमका ठोक्याच्या तोंडावर निघाला.
अर्ध्या दारांना कळलं, गेला.
अर्ध्यांना वाटलं, आहे अजून.
आणि एक दार, जे आम्ही चाचणीच्या पिनवर बाहेर काढलं होतं,
स्कोपवर शून्य होईना, एक होईना.
मधेच अधांतरी एक रेष, थरथरतही नव्हती,
मग पडली एका बाजूला.
तुओव्ही म्हणाली, "बिचारी."

दुरुस्ती म्हटली तर चार ओळींची.
दोन फ्लिप-फ्लॉप, एकामागे एक.
येताना रीसेटला कुणी अडवायचं नाही;
जाताना मात्र त्यानं दोन ठोके दारात थांबायचं,
मुहूर्त पाहायचा,
आणि सगळ्यांचा निरोप एकदम घ्यायचा.

पिएराला हे जमेल तसं सांगितलं.
तो म्हणाला, "यात नवीन काय?
लांडग्याचा वास आला की कळप
कुणाला विचारत बसत नाही, उधळतो.
शांत होताना सांभाळावं लागतं.
अर्धी जनावरं चरायला लागली, अर्धी अजून धावतायत,
हरवतात ती तेव्हा.
लांडगा कधीच निघून गेलेला असतो."

मी काही बोलले नाही.
नवी चिप जूनपर्यंत येणार नाही.
चारशे मानांवर चारशे पट्टे,
प्रत्येकात माझी ती ओळ, वाळूत भाजून पक्की केलेली.
तिला खोडरबर नाही.

"पट्टा काढा," म्हटलं, "बॅटरी काढा,
दोन्ही काखेत धरा. ऊब आली की परत बसवा.
बहुतेक उठेल."
"बहुतेक?"
"बहुतेक."

त्यानं फोन ठेवला नाही.
जाकिटाची चेन ओढल्याचा आवाज आला,
मग नुसता वारा,
मग तो मोजायला लागला, सामीत,
मला एकही आकडा न कळणारा.
खिडकीत पावणेदोन वाजले होते.
उजेड निघायच्या बेतात होता, कुणाला न सांगता.
स्क्रीनवर तळ्याच्या मधोमध तो ठिपका.
तिकडे क्लिक असं काहीतरी वाजलं.
ठिपका हलला नाही.
मी म्हटलं, अजून थोडं धरा.