पॉइंट

जामनेर रोडला, पिठाच्या गिरणीच्या वर
डॉक्टर झोपेबाईंचा दवाखाना.
भिंतीवर चिनी अक्षरांचा उघडा माणूस,
अंगभर रेघा, रेघांवर टिंबं.
मी पाहिलं आणि मनात म्हटलं,
हे तर भुसावळचं यार्ड.
अप, डाऊन, लूप, सायडिंग,
मानेपाशी मोठं जंक्शन.

दुखतं कुठे?
उजवा खांदा. हात कानापर्यंत जात नाही,
सदरा घालताना बायकोला हाक मारतो.
बाईंनी पँट गुडघ्यापर्यंत सारायला सांगितली,
नडगीच्या कडेनं बोटं मोजली
आणि तिथं सुई.

"आवं बाई, खांदा तं वर हाये!"
प्रमिला बाकड्यावरून ओरडली.

मी गप्प.
एकतीस वर्षं केबिनमध्ये लिव्हर ओढलाय.
इथं ओढायचा,
आणि तिकडे पाचशे हातांवर, अंधारात
रुळाची जीभ सरकायची.
मधल्या तारा, कप्प्या, ग्रीस
गाडीत झोपलेल्यांना कधी दिसल्या?

"आता हात उचला," सुई फिरवत बाई म्हणाल्या.
उचलला.
कानाच्या वर बोटभर गेला.
बोटभरच. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या खेपेला काचेचे पेले.
आत जाळ फिरवून पाठीवर उपडे,
कातडी आत ओढली जाते, वाफाळल्या भाकरीसारखी फुगते.
प्रमिला म्हणे, ही तर तुंबडी,
यावलच्या बाजारात वैदीण शिंगानं लावायची,
पायलीभर ज्वारी घ्यायची.
घरी नातवानं पाठ मोजली. सात जांभळे गोल.
"आबा, पार्सल ऑफिसनं शिक्के मारले का तुम्हाला?"

बीपीची गोळी बंद करायची नाही, असं बाईंनी बजावलं.
सगळं बरं करते असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.
म्हणूनच गेलो तिसऱ्यांदा.

त्या दिवशी नाडी धरून विचारलं,
रात्री जाग किती वाजता येते?
तीन दहा.
अंदाजे?
अंदाजे नाही. तीन दहा.
"तीन ते पाच फुफ्फुसाची वेळ, त्यांच्या शास्त्रात.
दुःख तिथं राहतं म्हणतात."

फुफ्फुसाचं मला ठाऊक नाही.
तीन दहाला सुभान तडवी
दोन वाघिणींच्या मधे कपलिंग लावत होता
आणि मी लिव्हर ओढला.
फोनवर निरोप आला होता.
चौकशीच्या कागदावर लिहिलंय, लिव्हरमन निर्दोष.
सुभानचा डावा पाय गुडघ्याखाली
कुठल्याच कागदावर परत आला नाही.

एकोणीस वर्षं मी फैजपूरवरून जाताना
एसटीत डोळे मिटून घेत होतो.

त्याच्या अंगणात उभा राहिलो तेव्हा
तो केळीच्या घडांचा हिशेब लिहीत होता.
काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते विसरलो.
म्हटलं, नसलेला पाय अजून दुखतो का?
"दुखते. आंगठ्याले मुंग्या येतात. कायले इचारतो?"
एक बाई आहे, म्हटलं. सुया टोचते.

बाईंनी त्याच्या उजव्या, धडधाकट पायात सुया लावल्या.
डाव्यासाठी.
पेटलेली चिनी दवण्याची कांडी
कातडीपासून दोन बोटं दूर धरली,
नुसती ऊब, चटका नाही.
शेजारच्या खाटेवर मी, नडगीत सुई घेऊन.
"वीस मिनिटं कुणी हलायचं नाही."
खाली गिरणी घरघरत होती,
खाटांचे पाय हलत होते.

बाई बाहेर गेल्या.
पळून जायला दोघांनाही जागा नव्हती.

बऱ्याच वेळानं सुभान म्हणाला,
"सुई या पायात, आन् कळते त्या पायाले. कसं काय रे भो?"
मी म्हटलं, तार असते मधे.
तो छताकडे पाहत राहिला.
"त्या राती तारच होती ना मधे."
हो, म्हटलं.
मग त्यानं केळीचा भाव सांगितला,
मी पेन्शनचं रखडलेलं.

रात्री जाग आलीच.
घड्याळ पाहिलं. तीन बारा.
दोन मिनिटं लेट.
नोंद करायला रजिस्टर नव्हतं,
प्रमिलाला उठवून सांगितलं.