हातमोजे

डबा उघडला तेव्हा आधी वास आला,
पावसाळाभर न वाळलेल्या मोज्यांचा.
झाकणावर खडूनं, अर्धं पुसलेलं:
अंबू चिकोडीकर. शिल्लक फिल्म. कुणास दाखवू नये.

लक्ष्मीपुरीत माझं दुकान, खाली टायरवाला सलीम.
त्याला सांगून आलो, आज ठिणगी उडवू नको,
वर जुनी फिल्म हाय, बारूदच समज.
तो म्हणाला, बाई हाय व्हय आत?
म्हटलं, हाय.
मग लई जपून, म्हणाला.

मशिनवर चढवायची नाही ही. तुटेल, पेटेल.
काचेखाली दिवा, वर कॅमेरा,
एकेक चौकट सरकवायची, टिपायची.
तेहतीस सेकंदांचा नाच
मी नऊ दिवस बघत होतो.

खोटा खांब, खोटी कमान,
मागं कापडावर रंगवलेला रंकाळा,
खरा अर्ध्या कोसावर असताना.
शूटिंग संपल्यावर रात्री कधीतरी
उरल्यासुरल्या फिल्मवर घेतलेलं.
अंबू नऊवारीत, पदर खोचलेला,
डोक्यावर मडमेची हॅट
आणि हॅटवर पीस, चक्क कोंबड्याचं.

ती हातमोजे काढते.
जे घातलेलेच नाहीत.
करंगळीपासून सुरुवात. बोट चिमटीत धरायचं,
हलकेच ओढायचं, थांबायचं,
कुणी बघतंय का म्हणून मान वळवायची
आणि बघतायत हे दिसल्यावर
अख्ख्या पलटणीला पुरेल एवढं लाजायचं.
कोपरापासून मनगटाकडं
नसलेलं रेशीम उतरत येतं.
शपथेवर सांगतो, मला त्याची सुरकुती दिसली.
मग गरगर फिरवून ती ते भिरकावते
आणि डाव्या कोपऱ्यातला ढोलकीवाला
ढोलकी सोडून झेलायला हात वर करतो.

आवाज नाही.
ओठांवरून शब्द लावून पाहिले.
साहेब, दोनदा. पुढं बहुतेक शिवी,
कारण कडेचा दिवेवाला पोट धरून वाकलाय.

दुसऱ्या मोज्याआधी फिल्म कापलेली.
तुटलेली नव्हे, कात्रीनं सरळ कापून
नीट चिकटवलेली.
जोडाआधी ती एका पेटीवर टेकते,
जोडानंतर एकदम उभी.
त्या जागी मी मनात काय काय घातलं
ते इथं लिहीत नाही.
सलीमला सांगून बसलो. तो म्हणाला,
नेमकं तेवढंच कापलं की रं कुणीतरी.

आमचे आप्पा त्याच स्टुडिओत, धुलाई खात्यात.
बोटांची नखं मरेपर्यंत तपकिरी.
घरी कधी नाचगाण्याचा विषय नाही.
गेले त्याला सोळा वर्षं झाली,
चष्म्याचं घर आईनं तसंच ठेवलेलं.
त्यात चष्मा नव्हता.
गुंडाळी होती. अडतीस चौकटी.
फिल्मवर उभा जो ओरखडा होता
तो इथं तसाच पुढं चालू होता.

दिव्यावर धरली.
अंबू पेटीवर बसलेली, हॅट मांडीवर.
एका पायातले चाळ सोडलेत,
घोट्याभोवती दोरीचे वळ,
आणि ती अंगठ्यानं घोटा चोळतेय.
बस.
कॅमेरा बंद करायचा कुणी विसरला असेल,
किंवा विसरला नसेल.
अडतीस चौकटींत ती एकदाही
कुणाकडं बघत नाही.

पन्नास वर्षं हे एवढंच
माणसानं डोळ्यांजवळ का ठेवावं,
आईला विचारायचं धाडस झालं नाही.
तिनंच एकदा विचारलं, घावली का रं तुला?
आणि उत्तराआधी चहा टाकायला गेली.

रात्री सगळं जोडून पहिल्यांदा पळतं बघितलं.
ती बसते, घोटा चोळते,
मग उठते, हॅट नीट करते, एक पाय बिनचाळांचा
(नऊ दिवसांत मला हे दिसलं नव्हतं),
दुसरा मोजा काढते, फेकते,
आणि सरळ भिंगाजवळ येऊन
तळहात पुढं करते. बिदागी.

माझा हात खिशात गेला.
सुटे नव्हते.