दुसरा रकाना

कुताइसीहून निघताना पेटीत सगळं होतं:
तीस प्रश्नपुस्तिका, लाल-पांढरे ठोकळे, स्टॉपवॉच,
आणि पहिल्याच पानावर ठळक सूचना,
परीक्षकाने मदत करू नये.

उश्गुलीच्या वाटेवर गाडी दोनदा चिखलात रुतली.
दोन्ही वेळा बैलांनी ओढून काढली.
त्यांनी सूचना वाचली नव्हती.

लामारा. वय नऊ.
घरी स्वान बोलते, शाळेत जॉर्जियन,
माझ्यासमोर काहीच नाही.
चित्रात काय कमी आहे?
दार होतं, खिडकी होती, कौलं होती.
उत्तरसूचीत लिहिलेलं: धुराडं.
तिनं बराच वेळ पाहिलं, मग पुटपुटली,
"बुरूज."
मी शून्य मांडलं.
खिडकीबाहेर घराघराला खेटून
दगडी बुरूज उभे होते,
आठशे वर्षांचे वगैरे,
एकही सूचीत नसलेले.

मग ठोकळे. नक्षी जुळव, साठ सेकंद.
छप्पन्नाव्या सेकंदाला तिचा हात
एका ठोकळ्यावर येऊन थबकला.
कोपरा फक्त.
एक कोपरा फिरवायचा राहिला होता.
शून्य.
बेरीज: एकाहत्तर.

मी हे शिकले होते खरं तर,
पैकीच्या पैकी गुणही मिळाले होते त्यात:
एकट्यानं जमतं तेवढंच मोजणं म्हणजे
ओढ्याचा अलीकडचा काठ मोजणं.
मधे एक दगड टाकून बघावा लागतो,
पाऊल पडतं का पुढे.
परीक्षेत लिहिलं, आणि विसरले.

घड्याळ पालथं घातलं.
बोलले नाही काही,
तो ठोकळा नुसता तिरपा केला.

तिनं तो माझ्या बोटांखालून ओढून घेतला,
जवळजवळ रागानं.
ती नक्षी झाली. पुढची झाली. त्यापुढच्या दोन
मी पान उलटेपर्यंत.
नंतरची माझ्या पुस्तकात नव्हतीच.
नऊ ठोकळ्यांचं काहीतरी उंच, निमुळतं
तिनं रचलं, मोडलं,
आणि ठोकळे माझ्याकडे सरकवले.
"आता तुम्ही."

मला येईना.
पालथं घड्याळ टेबलावर टिकटिकत राहिलं.
शेवटी तिनंच हात पुढे केला
आणि एक ठोकळा
थोडासा
तिरपा केला.

तक्त्यात गुणांचा रकाना एकच आहे.
शेजारी पेन्सिलनं दुसरा आखला,
वर लिहिलं: मदतीने.
कचेरीत तो खोडतील, माहीत आहे.
पण त्यात आधी कुणाचे गुण भरावेत,
हे गाडी सुटायची वेळ झाली
तरी ठरत नाही.