टंच

नवतपाचा चौथा दिवस. इतवारीत
सराफा ओळीच्या मागच्या बोळात
कुत्रीसुद्धा गटाराच्या पाण्यात पोट टेकून.
मी भट्टीपुढं, खांद्यावर ओला पंचा.
खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यात इथं आलो,
त्याला एकतीस वर्षं झाली.
चांदी अजून त्याच आचेला पाझरते.

बाई कुहीकडची. पावतीला नाव विचारलं,
म्हणाली, "लिहा, पारबता निनावे."
पिशवीतून वाळे निघाले, एक तोडा, दुसऱ्याचा अर्धा,
आणि काळ्या दोऱ्यात ओवलेलं
भोक पाडलेलं एक नाणं.
"माह्या सासूच्या गयातलं. तिच्या सासूचंबी होतं म्हने.
लक्षुमी हाय. याचे किती देता?"

फिरवून बघितलं.
खुर्चीवर बसलेली बाई. एका हातात फांदी, दुसऱ्यात काठी.
कमळ नाही, हत्ती नाही. पण हळद
पदराच्या चुण्यांत घट्ट बसलेली,
किती जणींच्या बोटांची कोण जाणे.

पाठीमागं तो.
नुसतं मुंडकं. पानांचा हार मानेमागं गाठ मारून बांधलेला,
आणि कडेनं अक्षरंच अक्षरं,
इंग्रजीसारखी, पण तोंडात न मावणारी.

असाच एक अजब बंगल्यात बघितलाय,
थोरलीला पेंढा भरलेला वाघ दाखवायला नेलं तेव्हा.
काचेआड, मखमलीवर. चिठ्ठीवर: दीनार, रोम, चांदी.
पोरगी म्हणाली, "बाबा, यातला दीन कोण?"
शिपाई म्हणाला, सम्राट आहे.
कडेनं लिहिलंय, हा देवाचा मुलगा.

देवाचा मुलगा, आणि ह्याच्या मानेवर छिन्नीचा घाव!
तो काही त्याच्या मुलखातला नव्हे.
आपल्याकडचाच कुणीतरी, माझ्या धंद्यातला,
बंदरावर म्हणा, वैनगंगेच्या काठी म्हणा,
उकिडवा बसला आणि टंच काढला:
वरून चांदी, आतून तांबं तर नाही ना, बाबा?
राग नाही, लोभ नाही. मीही रोज तेच करतो.
गणपती असो की राणीचा रुपया,
आधी छिन्नी, मग नमस्कार.

घावाच्या आत चांदीच होती.
तेवढं त्याचं खरं निघालं.

पण नाक?
नाक कुठल्या सराफानं नेलेलं नाही.
लक्ष्मी बाहेर, म्हणजे तो आत, अंगाला.
सासू, तिची सासू, त्यांच्याही मागच्या,
धानाच्या बांधीत वाकलेल्या, मागावर बसलेल्या,
त्यांनी घामाघामानं पुसत आणलाय त्याला.
ओठ गेले. गाल सपाट. पानं तेवढी उरली,
त्यांखाली आता कुणाचंही डोकं बसेल.

वजन केलं. साडेतीन ग्रॅमला जरा कमी.
म्हटलं, बाई, हे मुशीत घालायचं नाही.
अजब बंगल्यात द्या, काचेत ठेवतील,
खाली तुमचं नाव लावतील.
तिनं पदरानं मान पुसली.
"कोनाचं? निनावेचं?"
आणि हसली.
"अन् तिथं तिले हळद कोन लावन?"

वाळ्यांचे पैसे मोजले, तोड्यांचे मोजले,
मधेच थांबून पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजले.
दोरा गळ्यात घातला, नाणं छातीवर सरळ केलं:
फांदीवाली बाहेर, बादशहा आत.
मग स्टँडकडं निघून गेली, तशाच उन्हात.

मूस लाल झाली होती. वाळे टाकले, वर टाकणखार.
तेवढंच काम त्या दिवशीचं.

रात्री ताटावर बसलो तर
बायकोनं माझा अंगठा धरून दिव्यापाशी नेला.
"आज कुणाची हळद होती?"